टॅबमध्ये घरची कागदपत्रं कशी ठेवावीत? फाइल सापडत नाही, सेव्ह केलेलं टिकत नाही

वारणाकाठ

घरातली सगळी महत्त्वाची कागदपत्रं एका टॅबमध्ये नीट लावून ठेवायची आहेत. टॅब अँड्रॉइड १३ चा, ६४ जीबी, त्यात १२८ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड. घरात लॅपटॉप आहे, पण तो मुलांच्या अभ्यासात अडकलेला असतो. रोजची कामं टॅबवरच उरकायला हवीत. कागद म्हणजे सातबारा, आठ-अ, फेरफार, विम्याच्या पॉलिसी आणि हप्त्यांच्या पावत्या, आधार-पॅन, तपासण्यांचे रिपोर्ट, गुणपत्रिका, वीजबिलं. शिवाय फोटो आहेतच.

अडचणी अशा:

व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ उघडते, वाचता येते, पण फाइल ॲपमधल्या ‘डाउनलोड’मध्ये ती नसते.

मेलमधून आलेल्या पीडीएफवर सही करून सेव्ह केलं आणि मेलमधून पुन्हा उघडलं, की सही गायब.

एकाच कागदाच्या (१), (२), (३) अशा प्रती साठत जातात. कुठली ठेवायची ते कळत नाही.

गूगल ड्राइव्हवर स्कॅन केलेले कागद ‘ऑफलाइन उपलब्ध’ केले आहेत, तरी फाइल ॲपमध्ये दिसत नाहीत.

लॅपटॉपवरून आणलेल्या फाइलींपैकी काही कॉपीच होत नाहीत. छोट्याच पीडीएफ आहेत, जागाही भरपूर आहे. लॅपटॉपवर त्या बिनतक्रार उघडतात.

कुठलं ॲप घ्यावं हे नंतर. आधी हे असं का होतं ते समजून घ्यायचं आहे.

ओसरी

पाचपैकी तीन गोष्टींचं मूळ एकच आहे. लॅपटॉपवर फाइल फोल्डरची असते. कशातही उघडा, तिची जागा बदलत नाही. अँड्रॉइडमध्ये फाइल आधी ॲपची असते. अँड्रॉइड १० मध्ये (२०१९) हा नियम आला आणि ११ पासून (२०२०) सक्तीचा झाला. प्रत्येक ॲपला स्वतःची खोली, शेजारच्या खोलीत शिरायचं नाही. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच आहे, कारण त्याआधी साधं टॉर्चचं ॲपसुद्धा ‘स्टोरेज’ची परवानगी घेऊन तुमचं पॅनकार्ड वाचू शकत होतं. पण ज्याला फाइली सांभाळायच्या आहेत त्याची यात ओढाताण होते, कारण कुठली फाइल कुठल्या खोलीत पडली हे टॅब आपणहून कधीच सांगत नाही.

तुमच्या कामापुरत्या या जागा ओळखून ठेवा:

ॲपची खाजगी जागा. कुठल्याही फाइल मॅनेजरला ती दिसत नाही. ड्राइव्हचं ‘ऑफलाइन उपलब्ध’ इथे साठतं, म्हणून ते तुम्हाला सापडत नाही. ती फाइल खरोखर हवी असेल तर ड्राइव्हमध्ये तिच्यासमोरचे तीन ठिपके दाबून ‘डाउनलोड’ करा. मग ती डाउनलोड फोल्डरमध्ये येते. ‘ऑफलाइन’ आणि ‘डाउनलोड’ या वेगळ्या गोष्टी आहेत.

‘अँड्रॉइड’ फोल्डरमधला ‘डेटा’ फोल्डर. अँड्रॉइड ११ पासून बाहेरच्या फाइल मॅनेजरला तो बंद आहे, ‘सर्व फाइली हाताळण्याची परवानगी’ देऊनसुद्धा. ॲप काढून टाकलं की त्याचा इथला फोल्डरही पुसला जातो. नोंदवह्यांची आणि स्कॅनिंगची बरीच ॲप आपलं काम इथे किंवा खाजगी जागेत ठेवतात. असं ॲप काढण्याआधी त्यातून ‘एक्स्पोर्ट’ केल्याशिवाय हात लावू नका.

‘अँड्रॉइड’मधला ‘मीडिया’ फोल्डर. हा फाइल मॅनेजरला दिसतो आणि व्हॉट्सॲपचा माल इथेच असतो. वाट अशी: अंतर्गत स्टोरेज → अँड्रॉइड → मीडिया → कॉम डॉट व्हॉट्सॲप → व्हॉट्सॲप → मीडिया → व्हॉट्सॲप डॉक्युमेंट्स. तुम्ही पाठवलेल्या फाइली त्याच्याच आत ‘सेंट’ नावाच्या फोल्डरमध्ये. चॅटमध्ये फाइलवर बोट लावून ती उतरवून घेतलेली असेल तरच इथे सापडेल. नुसता संदेश आला म्हणजे फाइल आली असं नाही. आणि बराच काळ न उतरवलेली फाइल पुढे उतरतच नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा मागावी लागते.

राहिले सामायिक फोल्डर: डाउनलोड, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डीसीआयएम (कॅमेऱ्याचे फोटो). ॲप राहो वा जावो, इथली फाइल जागेवर राहते. तुमचे कागद शेवटी इथेच यायला हवेत.

आता सहीचं. मेल किंवा व्हॉट्सॲपमधून पीडीएफ उघडता तेव्हा ते ॲप पीडीएफ वाचणाऱ्या ॲपला (वाचकाला) फक्त वाचण्याची, तीही तात्पुरती, परवानगी देतं. वाचकाला मूळ फाइलवर लिहिता येत नाही, म्हणून तो स्वतःची प्रत करून त्यावर सही ठेवतो. तुम्ही पुन्हा मेलमधून उघडता तेव्हा मूळ कोरी फाइलच समोर येते. सही केलेली प्रत वाचकाच्या ‘अलीकडील’ यादीत बहुतेक वेळा सापडते. तिथून ‘प्रत सेव्ह करा’ म्हणून डॉक्युमेंट्समध्ये काढून घ्या. पुढच्या वेळी क्रम उलटा ठेवा. आधी फाइल स्वतःच्या फोल्डरमध्ये, मग पीडीएफ ॲप उघडून त्याच्यातल्या ‘उघडा’ बटणाने ती निवडा. या वाटेने निवडलेल्या फाइलवर लिहायची परवानगी ॲपला मिळते आणि सेव्ह त्याच फाइलमध्ये होतं.

(१), (२) चं कारण सोपं आहे. ब्राउझर पीडीएफ बहुधा उतरवल्याशिवाय दाखवत नाही, आणि तुम्ही दुव्यावर दरवेळी बोट लावलं की तो नव्याने उतरवतो. फाइल्स बाय गूगलसारखी ॲप हुबेहूब प्रती शोधून देतात. पण दोन वेगळ्या दिवशी काढलेला एकच सातबारा त्यांच्या लेखी हुबेहूब नसतो, आत तारीख आणि डिजिटल सही वेगळी असते. अशा प्रती उघडून, तारीख पाहूनच काढाव्या लागतात.

फोल्डर करताना डॉक्युमेंट्समध्ये ‘घर’ नावाचा एकच, आणि त्यात एकाच पातळीचे सात-आठ: शेती, विमा, ओळख, दवाखाना, शाळा, बिलं, कर. याहून खोल जाऊ नका. अर्ज भरताना जी ‘फाइल निवडा’ची खिडकी उघडते ती बहुधा ‘अलीकडील’वर उघडते आणि तिथे सगळी खिचडी असते. डाव्या कोपऱ्यातल्या तीन रेघा, मग टॅबचं नाव, मग डॉक्युमेंट्स, मग घर, एवढं दरवेळी दाबावं लागतं. प्रत्येक जादा पातळी म्हणजे प्रत्येक अर्जाला एक जादा टप्पा.

निळीशाई

पाचव्या अडचणीचं कारण जवळजवळ नक्की फाइलींची मराठी नावं. याकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण लॅपटॉपवर सगळं सुरळीत चालतं.

विंडोजची फाइली साठवायची एनटीएफएस पद्धत नावाची लांबी चिन्हांत मोजते, मर्यादा २५५. टॅबची अंतर्गत मेमरी (त्यात एक्सटी-४ किंवा एफ-टू-एफएस पद्धत असते) बाइटमध्ये मोजते, मर्यादा तीच २५५. इंग्रजी अक्षर, आकडा, मोकळी जागा यांना प्रत्येकी १ बाइट. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायचं चिन्ह हे सगळं वेगवेगळं धरलं जातं. ‘महाराष्ट्र’ दिसायला चार अक्षरं, पण त्यात म, ह, काना, र, काना, ष, पाय मोडलेला, ट, पुन्हा पाय मोडलेला, र अशी १० चिन्हं, म्हणजे ३० बाइट.

एक नाव मोजून दाखवतो: ‘वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीपत्राची दस्त क्रमांकासह नोंदणीकृत प्रत आणि फेरफार नोंदीची नक्कल’. देवनागरी चिन्हं ८१, त्यांचे २४३ बाइट. शब्दांमधल्या १० मोकळ्या जागा, १० बाइट. शेवटी टिंब आणि पीडीएफची तीन इंग्रजी अक्षरं, ४ बाइट. एकूण २५७. दोन बाइटनी नाव बाहेर गेलं आणि फाइल टॅबमध्ये जात नाही. लॅपटॉपच्या हिशेबात हेच नाव फक्त ९५ चिन्हांचं आहे. टॅब मात्र ‘कॉपी करता आली नाही’ एवढंच म्हणतो, कारण देत नाही.

मेमरी कार्डावरची एक्सफॅट पद्धतही चिन्हांतच मोजते. त्यामुळे लॅपटॉपच्या कार्ड रीडरमधून ती फाइल कार्डावर बिनबोभाट जाते, आणि कार्डावरून टॅबच्या मेमरीत आणताना अडते. मग माणूस कार्डाला दोष देतो. लॅपटॉपवर नाव चाळीसेक चिन्हांत बसवा आणि पुन्हा कॉपी करा.

मराठी नावांच्या आणखी काही खाचाखोचा:

‘७/१२’ असं नाव देताच येत नाही. तिरकी रेघ फोल्डर तोडायला वापरतात, म्हणून ती नावात चालत नाही. कार्ड आणि विंडोज यांना विसर्ग-चिन्हासारखा दिसणारा इंग्रजी अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारा, दुहेरी अवतरण हेही चालत नाही. सरळ ‘सातबारा’ लिहा.

‘शेतकऱ्याचा’, ‘दुसऱ्या’ अशा शब्दांतला ऱ्या दोन प्रकारे टंकला जातो. काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ वापरतात, काही साध्या र ला पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण शोध घेताना वेगळे. टॅबच्या कीबोर्डने शोधलंत आणि फाइलचं नाव लॅपटॉपवर दिलेलं असेल तर ‘काही सापडलं नाही’ येऊ शकतं. ‘ॲ’चंही तसंच. अशी अक्षरं नावात टाळलेली बरी. ‘शेतकरी दाखला’ पुरतो.

‘१४२’ मराठी आकड्यांत आणि इंग्रजी आकड्यांत हे बऱ्याच ॲपच्या शोधाला दोन वेगळे शब्द वाटतात. फाइलच्या नावात सगळीकडे एकच ठेवा, आणि तो इंग्रजी ठेवा, कारण संकेतस्थळांवरून येणाऱ्या फाइलींच्या नावात इंग्रजीच आकडे असतात.

नावाचा साचा: तारीख (वर्ष-महिना-दिवस, महिना आणि दिवस दोन आकडी), मग कागद, मग ओळख. उदाहरणार्थ ‘२०२४-०३-१५_सातबारा_गट१४२’, आकडे टंकताना इंग्रजी. तारीख पुढे असली की नावानुसार लावलेली यादी आपोआप कालानुक्रमे लागते. फाइलच्या ‘बदलल्याची तारीख’ यावर विसंबू नका. फाइल टॅबमध्ये कॉपी केली की बऱ्याचदा तिथे कॉपी केल्याची तारीख येते. कॅमेऱ्याच्या फोटोत तारीख आतच नोंदलेली असते, स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये ती असेलच असं नाही. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोच्या नावातली तारीख फोटो आल्याची असते, काढल्याची नव्हे.

टाचणी

कार्डाबद्दल थोडं. कागदपत्रं मूळ म्हणून कार्डावर ठेवायचं काही कारण नाही. स्कॅन केलेलं एक पान साधारण अर्धा एमबी धरलं तर हजार पानांना ५०० एमबी, म्हणजे ६४ जीबीच्या टॅबमध्ये काहीच नाही. जागा खातात व्हिडिओ आणि फोटो. ते कार्डावर न्या, कागद मेमरीत ठेवा, आणि ‘घर’ फोल्डरची प्रत कार्डावर.

३२ जीबीपर्यंतची कार्डं विकत घेताना एफएटी-३२ मध्ये तयार केलेली असतात, त्यांवर ४ जीबीहून मोठी एक फाइल बसत नाही. लग्नाचा लांबलचक व्हिडिओ ‘जागा आहे पण जात नाही’ तो यामुळे. १२८ चं कार्ड एक्सफॅट असतं, तिथे हा प्रश्न नाही.

स्वस्तात मिळालेलं कार्ड असेल तर लॅपटॉपवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या फुकट प्रोग्रामने एकदा पूर्ण भरून तपासा, कार्ड रिकामं असतानाच. बनावट कार्ड नावाला १२८ दाखवतं, आत ८ किंवा १६ असतं. त्यापुढे लिहिलेलं सगळं वाया जातं आणि कॉपी होताना मात्र काहीही चूक दाखवत नाही.

कार्ड काढण्याआधी सेटिंग्ज → स्टोरेज → कार्ड → ‘बाहेर काढा’. चालू कॉपीत कार्ड उपसलं तर फाइलींची यादीच बिघडू शकते.

वारणाकाठ

ओसरी, निळीशाई, टाचणी, फार आभार. व्हॉट्सॲपचा फोल्डर सापडला, आणि अडलेल्या फाइलींची नावं कमी केल्यावर त्या गेल्यासुद्धा.

आणखी विचारतो. सगळं आवरताना क्रम काय ठेवावा, म्हणजे काही हरवणार नाही? कार्ड ‘अंतर्गत स्टोरेज’ म्हणून फॉरमॅट करू का असं टॅब विचारतोय, करावं का? आणि गूगल फोटोजमधलं ‘जागा मोकळी करा’ दाबायला सुरक्षित आहे का?

ओसरी

कार्ड अंतर्गत म्हणून अजिबात करू नका. तसं केलं की टॅब कार्ड पुसून कूटबद्ध करतो आणि किल्ली टॅबमध्येच राहते. उद्या टॅब बिघडला किंवा फॅक्टरी रीसेट करावा लागला तर ते कार्ड दुसऱ्या कशातही वाचता येणार नाही. कार्ड हे तुमचं दुसरं ठिकाण आहे. ते टॅबच्या जिवावर अवलंबून असता कामा नये. ‘पोर्टेबल’ निवडा.

आवरण्याचा क्रम:

आधी काहीही पुसू नका. ‘घर’ आणि त्यातले फोल्डर करा. मग डाउनलोड, व्हॉट्सॲप डॉक्युमेंट्स, ड्राइव्ह आणि स्कॅनिंगचं ॲप, प्रत्येकातून हवं ते ‘घर’मध्ये कॉपी करा. ‘हलवा’ नको, ‘कॉपी’. एका मेमरीतून दुसरीत ‘हलवा’ म्हणजे आतून कॉपी करून मूळ पुसणं असतं. मध्येच टॅब बंद पडला किंवा कार्ड सैल झालं तर फाइल अर्धवट राहण्याची भीती असते. व्हॉट्सॲपच्या फोल्डरमधून तर मुळीच हलवू नका, चॅटमधून ती फाइल मग उघडत नाही.

आख्खा फोल्डर कॉपी केला असेल तर मूळ आणि नव्या, दोन्ही फोल्डरांवर बोट दाबून धरा आणि ‘तपशील’ पाहा. फाइलींची संख्या आणि एकूण आकार दोन्ही जुळले पाहिजेत. नुसती संख्या जुळून भागत नाही; अर्धवट कॉपी झालेली फाइलही एकच मोजली जाते. प्रत्येक फोल्डरमधली सगळ्यात मोठी पीडीएफ उघडून शेवटच्या पानापर्यंत सरकवून बघा.

मग ‘घर’ कार्डावर कॉपी करा. त्यानंतर तिसरी प्रत टॅबच्या बाहेर, कारण टॅब चोरीला गेला तर कार्ड त्याच्यासोबतच जाणार. सी-टाइप पेनड्राइव्ह थेट लागतो. तो लॅपटॉपवर एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या. एनटीएफएस असलेला पेनड्राइव्ह बहुतेक अँड्रॉइड टॅबना वाचता येत नाही. एवढं झाल्यावर डाउनलोडमधल्या प्रती पुसा.

लॅपटॉपला केबलने जोडणार असाल तर टॅबचं कुलूप उघडा, वरची सूचनापट्टी ओढा आणि ‘फक्त चार्जिंग’च्या जागी ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा. टॅबला कुलूप असेल तर लॅपटॉपवर रिकामा फोल्डर दिसतो. तेवढ्यावरून फाइली गेल्या असं समजू नका. या जोडणीत (एमटीपी) एका वेळी एकच काम होतं. कॉपी चालू असताना दुसरा फोल्डर उघडला की सगळं थबकतं. हजार फाइली एकदम ओढण्यापेक्षा फोल्डरगणिक न्या. टॅबवर नुकतीच आलेली फाइल लॅपटॉपवर दिसत नसेल तर केबल काढून पुन्हा लावा, तरीही नसेल तर टॅब बंद-चालू करा. लॅपटॉपला टॅबच्या सूचीत नोंदलेल्याच फाइली दिसतात.

‘जागा मोकळी करा’ हे बटण गूगलवर पोचलेल्या फोटोंच्या टॅबमधल्या प्रती पुसतं, न पोचलेल्यांना हात लावत नाही. तेवढ्यापुरतं सुरक्षित. पण दाबण्याआधी बॅकअपचा दर्जा तपासा. ‘स्टोरेज सेव्हर’ असेल तर वर गेलेली प्रत दाबलेली असते, १६ मेगापिक्सेलहून मोठे फोटो लहान केलेले असतात, आणि मूळ तुम्ही पुसून टाकाल. जमिनीच्या मोजणीच्या नकाशाचा बारीक अक्षरांचा फोटो असेल तर हे परवडणार नाही. शिवाय आपोआप बॅकअप फक्त कॅमेऱ्याच्या फोल्डरचा होतो. व्हॉट्सॲप, स्क्रीनशॉट हे फोल्डर एकेक करून चालू करावे लागतात. गूगलची फुकट जागा १५ जीबी, तीत मेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळे आले. १ जून २०२१ पासून दाबलेले फोटोही या हिशेबात धरतात.

याहून मोठा धोका साध्या ‘पुसा’ बटणात आहे. गूगल फोटोजमध्ये फोटो पुसला की तो टॅबमधूनही जातो आणि गूगलवरूनही. बॅकअप झालेला फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतो, न झालेला ३० दिवस. फक्त टॅबमधून काढायचा असेल तर फोटो उघडून तीन ठिपके, त्यात ‘डिव्हाइसवरून हटवा’.

आणि कागदांचे फोटो गॅलरीत मिसळू नयेत म्हणून त्या फोल्डरात आधी टिंब, मग ‘नोमीडिया’ (.nomedia) अशा इंग्रजी नावाची एक रिकामी फाइल ठेवतात. मग गॅलरी त्या फोल्डरकडे बघत नाही. ‘दवाखाना’ फोल्डरला ही सोय उपयोगी आहे. डीसीआयएमला मात्र चुकूनही लावू नका, सगळे फोटो नाहीसे झाल्यासारखं दिसतं.

पारिजातक

आमच्याकडे आयपॅड आहे. तिथेही हेच नियम का?

देवराई

मूळ तेच, तपशील वेगळे. आयपॅडवर ‘फाइल्स’ ॲपच मुळात २०१७ मध्ये आलं आणि पेनड्राइव्ह लावायची सोय २०१९ मध्ये, आयपॅडओएस १३ पासून.

‘माझ्या आयपॅडवर’ या भागात ॲपच्या नावांचे फोल्डर दिसतात. ते साधे फोल्डर वाटतात, पण ॲप पुसलं की त्याचा फोल्डर आतल्या फाइलींसकट जातो. ॲप काढण्याआधी त्यातलं सगळं तुम्ही स्वतः केलेल्या फोल्डरमध्ये घ्या. आयपॅडवर सगळ्यात जास्त कागद हरवतात ते इथे.

आयक्लाउड ड्राइव्हमधल्या (ॲपलची ऑनलाइन साठवण) फाइलीपुढे ढगाचं चिन्ह असेल तर ती आयपॅडवर नाही, फक्त तिचं नाव आहे. तहसील कार्यालयात रेंज नसेल तर ती उघडणार नाही. आयपॅडओएस १८ पासून फाइलवर बोट दाबून ‘डाउनलोड केलेली ठेवा’ निवडता येतं. ओळखपत्रांच्या फोल्डरला ते लावून ठेवा. आयक्लाउडची फुकट जागा ५ जीबी. एका उपकरणावर पुसलेली फाइल सगळीकडून जाते. ‘अलीकडे हटवलेल्या’मध्ये ती ३० दिवस मिळते.

फोटो ‘फाइल्स’मध्ये दिसत नाहीत, त्यांचं भांडार वेगळं. कागदाचा फोटो हवा असेल तर फोटो ॲपमध्ये शेअर → ‘फाइल्समध्ये सेव्ह करा’. तो एचईआयसी प्रकारचा असतो आणि बरीच अर्जाची संकेतस्थळं तो घेत नाहीत. सेटिंग्ज → कॅमेरा → फॉरमॅट्स → ‘सर्वाधिक सुसंगत’ केलं की पुढचे फोटो जेपीजी होतात. कागदाला मात्र फोटोपेक्षा ‘फाइल्स’मधलं तीन ठिपक्यांतलं ‘डॉक्युमेंट स्कॅन करा’ बरं, थेट पीडीएफ मिळते आणि पानाच्या कडाही सरळ होतात.

पेनड्राइव्ह काढायला ‘बाहेर काढा’ असं बटण नाही. कॉपीची गोल खूण पूर्ण होऊ द्या, पेनड्राइव्हवर जाऊन शेवटची फाइल उघडून बघा, मग काढा. दहाव्या पिढीच्या साध्या आयपॅडला सी-टाइप खोबण असली तरी वेग यूएसबी-२ चाच, ४८० मेगाबिट; १० जीबी न्यायला पाचेक मिनिटं धरा. जुन्या लाइटनिंग खोबणीच्या आयपॅडला यूएसबी अडॅप्टर लागतो, आणि काही पेनड्राइव्ह त्यावर पुरेशा विजेअभावी चालत नाहीत. अडॅप्टरला चार्जर जोडता येत असेल तर जोडा.

निळीशाई

वारणाकाठ, तुमच्या यादीत सातबारा आणि आधार आहे म्हणून एक फार महत्त्वाची गोष्ट. डिजिटल सहीचा सातबारा (१५ रुपये भरून मिळतो तो) आणि ई-आधार यांच्या पीडीएफमध्ये सही फाइलच्या आत असते. ती फाइल ‘छोटी’ करणाऱ्या ॲपमधून काढली, दुसऱ्या पीडीएफला जोडली किंवा ‘प्रिंट → पीडीएफ म्हणून सेव्ह’ केलं, की पान तसंच दिसतं पण सही नाहीशी होते. स्क्रीनशॉटचं तेच. मूळ उतरवलेली फाइल जशीच्या तशी ‘शेती’ किंवा ‘ओळख’मध्ये ठेवा. एखाद्या संकेतस्थळाला २०० केबीचीच फाइल हवी असेल तर वेगळी प्रत करून नावाच्या शेवटी ‘लहान’ लिहा, म्हणजे दोन्हींची गल्लत होणार नाही.

व्हॉट्सॲपवर असा कागद पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. डॉक्युमेंट जसं आहे तसं जातं. फोटो म्हणून पाठवलं तर प्रतिमा दाबली जाते.

ई-आधारची फाइल परवलीच्या शब्दाने बंद असते: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत, पुढे जन्माचं वर्ष. घरात चौघांची आधार असतील तर प्रत्येकाच्या फाइलला त्याचं नाव द्या. काही वाचक ॲपना कुलपाची फाइल उघडता येत नाही आणि ती ‘खराब’ आहे असं दाखवतात. त्यावर विश्वासून मूळ फाइल पुसू नका, दुसऱ्या वाचकात उघडून बघा.

आधार, पॅन, वाहन परवाना, गुणपत्रिका यांपैकी जे डिजिलॉकरमध्ये ‘जारी केलेली कागदपत्रं’ या भागात मिळतं ते तिथून घ्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या नियमांनुसार ते मूळ कागदाच्या बरोबरीचं धरतात. तुम्ही स्वतः डिजिलॉकरवर चढवलेल्या स्कॅनला तो दर्जा नाही, ती फक्त साठवण.

सातबारा उघडल्यावर सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं तर फाइल बिघडली असं समजू नका. टॅबवरची बहुतेक वाचक ॲप डिजिटल सही तपासतच नाहीत. लॅपटॉपवर ॲक्रोबॅट रीडरमध्ये ती फाइल उघडून सहीवर उजवी टिचकी मारा, सहीचे गुणधर्म उघडा, त्यातलं प्रमाणपत्र विश्वासार्ह प्रमाणपत्रांत नोंदवा आणि सही पुन्हा तपासायला सांगा. फाइलमध्ये कुणी फेरफार केलेला नसेल तर प्रश्नचिन्हाच्या जागी हिरवी खूण येते.